सीमाभागावर अभ्यास करताना कुठला आकडा धरायचा आणि कुठली बातमी सोडायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांचं गेल्या वीस वर्षांत काय झालं यावर प्रबंध करायचाय, नेटवर फुकट मिळतं तेवढं सगळं गोळा केलंय, जनगणना, युडायस (शाळांची दरवर्षी भरली जाणारी सरकारी माहिती), पेपरची कात्रणं, विकिपीडिया, दोन-तीन पीएचडी, आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. युडायसच्या 'बेळगावी' फाईलीत तर जिल्ह्यातल्या शाळा अचानक निम्म्या झाल्यासारख्या दिसतात. गाइड म्हणतात सरकारी तेवढंच घ्या, गावातली मंडळी म्हणतात सरकार मुद्दाम कमी दाखवतंय. मग ऐकायचं कुणाचं?

मी या भागात सर्व्हे आणि डेटाचं काम बरीच वर्षं करतोय, गावात फिरून पण आणि एक्सेलसमोर बसून पण. माझं मत असं की गाइडचं पण पूर्ण ऐकू नका आणि गावाचं पण. सरकारी आहे म्हणून खरं असं नाही आणि सरकारी आहे म्हणून खोटं असंही नाही. अमका सोर्स भरवशाचा आणि तमका बेभरवशाचा असे कायमचे शिक्के मारून ठेवले की तिथंच घोटाळा होतो, कारण एकच रिपोर्ट एका गोष्टीसाठी एकदम पक्का असतो आणि दुसऱ्या गोष्टीसाठी कुचकामी.

महाजन आयोगाचंच घ्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी केंद्रानं १९६६ ला नेमला, ऑगस्ट १९६७ ला रिपोर्ट आला, २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव शहर आहे तिथंच. आयोगानं काय शिफारस केली हे सांगायला त्या रिपोर्टाइतका चांगला सोर्स दुसरा नाही, तिथं कुणाचं भाषण नको की अग्रलेख नको, सरळ रिपोर्ट काढून पान नंबर द्या. खरं त्याच रिपोर्टावरून 'त्या गावातल्या लोकांना काय पाहिजे होतं' असं लिहायला गेलात तर अडकलात, कारण ते आयोगाचं मत आहे, लोकांचा कौल नव्हे, आणि महाराष्ट्रानं तर तो रिपोर्टच मान्य केला नाही. तसंच ८१४ आणि ८६५ चं. एका बातमीत महाराष्ट्र ८१४ गावं मागतोय, दुसऱ्या बातमीत ८६५, डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावात ८६५. विद्यार्थी विचारतात यातला बरोबर कुठला. अहो, दोन्ही मागणीचे आकडे आहेत, मोजणीचे नाहीत. कुणी, कधी, कुठल्या कागदात मागणी केली एवढं लिहा की झालं. गडबड कधी होते, तर हा मागणीचा आकडा दोन-चार लेखांतून फिरून आल्यावर 'सीमाभागात ८६५ मराठी गावं आहेत' असं वाक्य होऊन बसतं आणि मग पुढचा माणूस त्यालाच आधार म्हणून जोडतो. २००४ पासून सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे आमच्याकडं भाषेचा कुठलाही आकडा हा कुणाच्या तरी बाजूचा पुरावा असतो, हे डोक्यात ठेवूनच वाचायला बसा.

आता जनगणना. भाषेचा तक्ता म्हणजे सी-१६, मातृभाषेप्रमाणे लोकसंख्या, तो जिल्हा आणि तालुक्यापर्यंत मिळतो. २०११ चा गावनिहाय भाषेचा आकडा प्रसिद्धच झालेला नाही. गावाचं जे मिळतं त्यात घरं, लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची मुलं, एससी-एसटी, साक्षर, काम करणारे एवढंच असतं, भाषा नाही, धर्म नाही. त्यामुळं '२०११ च्या जनगणनेनुसार आमच्या गावात इतके टक्के मराठी' असं कुठं वाचलंत, मग ते कितीही मोठ्या माणसानं लिहिलेलं असो, तर पहिला प्रश्न हाच की हे आलं कुठून. बहुतेक वेळा कुणीतरी मतदार यादीतली आडनावं मोजलेली असतात नाहीतर जुना आकडा नवीन साल लावून दिलेला असतो. आडनावावरून भाषा ठरवणं तर आमच्या भागात फारच धोक्याचं, एकाच आडनावाची दोन घरं, एकात कन्नड बोलतात एकात मराठी, हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको.

दुसरं म्हणजे पातळी. २०११ ला बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर, तालुके दहा. यात सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, बैलहोंगल सगळं आलं, जिथं मराठी मुळातच थोडी. जिल्ह्याची टक्केवारी काढली की मराठी पाचात एकाच्या आसपास दिसते, तेच नुसता बेळगाव तालुका किंवा खानापूर काढलं की चित्र पार वेगळं. एका बाजूचा माणूस जिल्ह्याचा आकडा सांगणार आणि दुसऱ्या बाजूचा तालुक्याचा, आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. तुम्ही मात्र जिल्ह्याचा आकडा तालुक्याच्या वाक्याला लावू नका. आणि निपाणी! २०११ ला निपाणी तालुका नव्हताच, तो चिकोडीत होता. म्हणून '२०११ मध्ये निपाणी तालुक्यात' असं वाक्य दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्यानं मूळ तक्ता उघडलेला नाही.

मातृभाषा म्हणजे काय हेही एकदा वाचून घ्या. लहानपणी आई त्या माणसाशी ज्या भाषेत बोलायची ती. आज घरात काय बोलतात, शाळेत काय शिकले, सही कुठल्या भाषेत करतात याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि गणना करणाऱ्यानं माणूस सांगेल तसं लिहून घ्यायचं असतं. २०११ ला देशभरातून अशी १९,५६९ वेगवेगळी नावं आली, ती छाननी करून १,३६९ मातृभाषा केल्या आणि पुढं १२१ भाषांत बसवल्या. म्हणजे तक्त्यात जे 'मराठी' दिसतं ते एका मोठ्या चाळणीतून खाली आलेलं असतं. आकडा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीय, भाषेचा आपल्याकडं यापेक्षा मोठा आकडा नाहीच, फक्त तो कशाचा आहे ते माहीत पाहिजे. शिवाय २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची, तेव्हा 'सध्या' हा शब्द भाषेच्या आकड्यापुढं लावायची सोय नाही, सरळ '२०११ ला' लिहा.

आता तुमच्या निम्म्या झालेल्या शाळा. शाळा कुठं गेलेल्या नाहीत हो. महसूल खात्याचा बेळगाव जिल्हा एक, पण शिक्षण खात्याचे जिल्हे दोन, बेळगावी आणि चिक्कोडी, दोन वेगळे डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक), दहावीचा निकाल पण दोघांचा वेगळा लागतो हे तुम्ही दरवर्षी पेपरात वाचताच की. बेळगाव शहर, ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्ती, रामदुर्ग हे बेळगावीत. चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी, गोकाक, मुडलगी हे चिक्कोडीत. युडायसमध्ये या दोन वेगळ्या फाईली म्हणून येतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतला शाळांचा आकडा अख्ख्या जिल्ह्याचा आणि तुम्ही लावताय तो अर्ध्या जिल्ह्याशी, आणि वर निपाणी तर तुमच्या हातातल्या फाईलीत नाहीच. असल्या जोडणीवरून 'मराठी शाळा निम्म्यावर' अशी हेडलाइन होऊ शकते आणि मग ती पुसता पुसत नाही. कारवारकडं जाणार असाल तर तिथंही हेच, उत्तर कन्नड एक जिल्हा पण शिक्षण खात्याचा शिरसी वेगळा.

युडायसमध्ये अजून तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, शाळेपुढं एकापेक्षा जास्त माध्यमं लिहिता येतात, म्हणजे एकाच इमारतीत कन्नड आणि मराठी दोन्ही वर्ग असले तर ती मराठी शाळा धरायची का? कुणी धरतं, कुणी धरत नाही. तुम्ही शाळा मोजताय, वर्ग मोजताय की मुलं मोजताय हे पहिल्या पानावर ठरवा, नाहीतर दोन वर्षांची तुलना करताना तुमचीच व्याख्या बदललेली असेल. दोन, शाळा 'बंद' होणं, दुसऱ्या शाळेत 'विलीन' होणं आणि पट शून्य असूनही कागदावर चालू राहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन, २०२२-२३ पासून युडायस प्लसनं शाळेच्या एकूण आकड्याऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद घ्यायला सुरुवात केली, त्यामुळं पट खाली आलेला दिसतो, आणि आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नका असं खुद्द मंत्रालयानंच सांगितलंय. आलेख काढलात तर तिथं रेघ तोडा. जोडून काढलेली रेघ बघितली की मी पुढचं वाचत नाही, हे माझं जरा कडक आहे पण असू दे.

गावातली मंडळी म्हणतात मुद्दाम कमी दाखवतात, यावर शांतपणे विचार करा. हा आकडा भरतं कोण? त्याच शाळेचे मुख्याध्यापक. आणि पट कमी दाखवून त्यांचा फायदा काय? उलट पटावर शिक्षकांची पदं अवलंबून, अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा तांदूळ पटावर, पट घसरला की शाळाच धोक्यात. म्हणजे शाळेच्या पातळीवर ओढ असलीच तर आकडा फुगवायची असते, कमी करायची नाही. म्हणून, वर सांगितलेला २०२२-२३ चा बदल सोडला तर, पट कमी झालाय असं युडायस सांगत असेल तर तो भरवशाचाच धरा, कारण तो भरणाऱ्याच्या हिताविरुद्ध जाणारा आकडा आहे. वर बेंगळूरात बसून कुणी मराठी वर्गांची नोंद कशी करतं, कुठलं माध्यम आधी लिहितं, तिथं मात्र गावकऱ्यांच्या संशयाला जागा आहे, आणि ती तपासायची रीत म्हणजे दहा-बारा शाळा निवडून हजेरीपट आणि जनरल रजिस्टर स्वतः बघणं आणि त्याच वर्षाच्या ऑनलाइन आकड्याशी लावून बघणं. प्रत्येक सोर्सला हाच प्रश्न विचारत चला, चुकीचं लिहिलं तर याचं काय बिघडतं आणि कुणाचं भलं होतं. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे वार्षिक रिपोर्ट नेटवर आहेत, पण ते बरेचसे राज्य सरकारांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवर चालतात, म्हणजे कर्नाटकाबद्दल जे लिहिलंय ते कर्नाटकानंच सांगितलेलं. 'राज्यानं काय उत्तर दिलं' यासाठी उत्तम. प्रत्यक्षात खानापूरच्या वाडीवर मराठी पुस्तकं वेळेवर पोचली का, यासाठी नाही.

पेपरचं जरा सविस्तर सांगतो कारण सीमाभागातल्या प्रबंधांत निम्म्या तळटीपा पेपरच्या असतात. चार पेपरांत एक बातमी आली म्हणजे चार पुरावे झाले असं समजू नका. चारही बातम्या शेजारी शेजारी ठेवा. तीच वाक्यं, त्याच क्रमानं, आणि शेवटी 'यावेळी अमुक अमुक उपस्थित होते' म्हणून नावांची तीच यादी, मधलं एक नाव चुकलंय ते चारही ठिकाणी तसंच चुकलंय. म्हणजे एक प्रेसनोट व्हॉट्सअॅपवरून चार ऑफिसांत गेली. पुरावा एकच, आणि तो कार्यक्रम घेणाऱ्यांचा.

१ नोव्हेंबर तर अभ्यासाला सोन्यासारखा दिवस. एकाच शहरात एकाच सकाळी चन्नम्मा चौकाकडं राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आणि इकडं संभाजी उद्यानातून त्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची मराठी फेरी. दुसऱ्या दिवशीचे मराठी आणि कन्नड पेपर दोन्ही घ्या आणि फेरीला किती माणूस होतं ते बघा, एकीकडं हजारोंचा जनसागर, दुसरीकडं कोपऱ्यात चार ओळी नाहीतर आकडाच नाही. लगेच दोन्हींची सरासरी काढणारे विद्यार्थी मी बघितलेत. सत्य बरोबर मध्यावर असतंच असं कुणी सांगितलं? त्यापेक्षा फोटो घ्या. १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्स नावाच्या अमेरिकन पत्रकार-प्राध्यापकानं गर्दी मोजायची साधी रीत काढली, सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. समजा रस्ता ३० फूट रुंद आणि फेरीची लांबी १,००० फूट, तर ३०,००० चौरस फूट, सैल धरलं तर ३,००० माणूस, एकदम दाट धरलं तर साडेसहा हजारांच्या आसपास. लांबी गूगल मॅपवर दोन वळणं धरून मोजता येते. म्हणजे 'तीन ते साडेसहा हजार' असा पट्टा हातात आला, आणि आता दोन्ही पेपर त्या पट्ट्यात कुठं बसतात ते बघा. चालती फेरी असली की हे ढोबळच राहणार, चालतंय.

पेपर वाईट नाहीत. तारीख, जागा, कोण काय म्हणालं, कुठल्या ऑफिसला निवेदन दिलं, याला पेपरच पाहिजे. आणि माझं आवडतं म्हणजे जाहिराती. एप्रिल ते जूनमधली शाळांची 'प्रवेश सुरू' वाली जाहिरात बघत जा, कुठली मराठी शाळा कधीपासून सेमी-इंग्लिश म्हणायला लागली, कधी बस आली, कधी इंग्लिश मीडियमचा वेगळा विभाग काढला हे जाहिरातीत अगदी सालासकट सापडतं, आणि ते लिहिणाऱ्याला तुमच्या प्रबंधाची कल्पनाही नसते. असला अनवधानानं ठेवलेला पुरावा अग्रलेखापेक्षा दसपट किमतीचा. आणि एक, कन्नड वाचायला शिका, निदान अक्षरओळख आणि सरकारी आदेशापुरती तरी. सीमाभागावर काम करायचं आणि आदेश कन्नडात म्हणून त्याचं मराठी पेपरातलं भाषांतर वापरायचं, याला अभ्यास म्हणता येत नाही.

निवडणुकीचे आकडे निवडणूक आयोगाच्या साईटवर बूथपर्यंत मिळतात आणि मोजणीच्या बाबतीत एकदम पक्के. खरं त्यावरून भाषा काढू नका. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्या पक्षाचे) दोन आमदार आले, २०१८ ला एकही नाही, २०२३ ला पण नाही. म्हणून काय पाच वर्षांत मराठी माणूस गायब झाला? मराठी मतदार काँग्रेसला देतो, भाजपला देतो, समितीत दोन गट झाले की घरीच बसतो. त्यात २००८ च्या फेररचनेत उचगाव, बागेवाडी हे जुने मतदारसंघच गेले, त्यामुळं आधीच्या आणि नंतरच्या मतांची तुलना म्हणजे वेगवेगळ्या नकाशांची तुलना. एकूण भागाच्या आकड्यावरून एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढायची ही चूक समाजशास्त्रात जुनी आहे, रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५० ला त्यावर पेपर लिहिलाय, पद्धतीच्या प्रकरणात त्याचा उल्लेख करा, गाइड खूश होतील.

जुनं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १८८४ चा बेळगावचा एकविसावा खंड, स्कॅन होऊन फुकट मिळतो. बाजाराचे दिवस, रस्ते, भाव, पिकं यासाठी छान. अमुक जात कष्टाळू आणि तमुक आळशी असलं जे त्यात लिहिलंय ते त्या काळच्या साहेबाच्या डोक्याचा पुरावा आहे, त्या जातीचा नाही.

विकिपीडियाबद्दल गाइड लोक उगाच तापतात. तिथला मजकूर उद्धृत करू नका, तळटीपा उघडून मूळ कागदाकडं जा. आणि 'इतिहास' आणि 'चर्चा' ही दोन पानं जरूर वाचा, बेळगावच्या पानावर नावावरून आणि भाषेवरून कोण काय पुसतंय आणि परत लिहितंय हे बघितलं की वादाचे मुद्दे आयते कळतात.

शोधगंगेवरच्या (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या) पीएचडी आणि जर्नलचे पेपर. यूजीसीच्या यादीतलं जर्नल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली, मग केअर लिस्ट नावाची नवीन यादी आणली, फेब्रुवारी २०२५ ला तीही बंद केली. तेव्हा शिक्का बघायचा नाही, पद्धत बघायची. किती शाळा घेतल्या, कशा निवडल्या, ज्यांनी माहिती दिली नाही त्यांचं काय केलं. 'सोयीनुसार नमुना निवडला' असं लिहिलं असेल तर निदान प्रामाणिक आहे. नमुन्याबद्दल काहीच नसेल आणि शेवटी टक्केवारी दोन दशांशापर्यंत असेल तर मिटवा ती फाईल.

म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर जरूर घ्या, पण तारखांसाठी नको. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन १९५६ चा, १ जूनचा १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाचा, दोन्ही हुतात्म्यांना अभिवादन करायचे दिवस, आणि सत्तरीतला माणूस बोलताना या दोन गोष्टी एकमेकींत सहज मिसळतो. तो खोटं बोलत नाही. तारीख पेपरवरून लावा, आणि त्या दिवशी घरात काय झालं, मुलाला कुठल्या शाळेत घातलं आणि का, हे त्याच्याकडून घ्या, कारण ते दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नाही.

कामाची रीत म्हणून एवढं करा. एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्यापुढं रकाने ठेवा: कुणी नोंदवला, कुठल्या वर्षाचा, कुठल्या हद्दीचा, मूळ कागद मी स्वतः बघितला की नाही. शेवटच्या रकान्यात 'नाही' असेल तो आकडा प्रबंधात घ्यायचा नाही, किंवा घेतलाच तर कुणाच्या हवाल्यानं ते तिथल्या तिथं सांगायचं. गावं नावानं जोडू नका, जनगणनेच्या कोडनं जोडा, कारण कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द कुणीतरी नुसतं कंग्राळी करून ठेवलेलं असतं, २०१४ च्या आधीच्या फाईलीत बेळगाव आणि नंतरच्यात बेळगावी असतं, आणि सौंदत्ती शोधून सापडत नाही म्हणून डोकं धरून बसाल तर ती जनगणनेत परसगड नावानं बसलेली असते. साईटवरची फाईल उतरवून घेतली की त्याच दिवशी तारीख घालून सेव्ह करा, पोर्टलं बदलतात आणि जुने पत्ते मरतात.

चिक्कोडीची फाईल आधी उतरवून घ्या, निपाणी त्यात सापडेल. दोन्ही फाईली जोडून परत मोजा, आणि तरीही जनगणनेशी फरक राहिला तर तो किती आणि कुठल्या तालुक्यात आहे ते लिहून पाठवा, मग पुढचं बघू.